शिजता शिजत नाहीत ती कडधान्यं (अनुभव धागा)

धागा काढायला निमित्त राजमा. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या पार टोकाला राहायला आलो. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअरचं पाणी. पहिल्याच रविवारी राजमा केला. दहा तास भिजवलेला, कुकरला आठ शिट्ट्या, तरी साल दाताखाली चिवट. नवरा म्हणाला, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. मलाही पटलं, आणि दुकानात जाऊन मी बरंच बोलून आले. पुढच्या आठवड्यात त्याच पुडीतला उरलेला राजमा बहिणीकडे घेऊन गेले. तिथे चार शिट्ट्यांत लोणी. पुडी तीच, कुकरही मी माझाच नेला होता. मग राहिलं काय? पाणी.

नंतर वाचल्यावर कळलं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे साल आणि गर सुटे होतच नाहीत. आता भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी घेते. दुकानदाराची माफी मागितली. त्याला काही आठवतच नव्हतं.

तर लिहा. राजमा, वाल, वाटाणे, घेवडा, जे काही तुमच्याकडे तासन्‌तास रटरटतं ते. कशात शिजवता, किती वेळ, कोणी शिकवलं. पाककृती नकोत, त्या ढिगाने आहेत. फसलेलं आधी सांगा.

डोंबिवलीकरीण

आमच्याकडे कडव्या वालांचं बिरडं म्हणजे तीन दिवसांचा कार्यक्रम. एक रात्र भिजत, मग फडक्यात बांधून मोड, मग कोमट पाण्यात टाकून सोलणं. सासूबाईंना सोलताना बघत राहावं. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून मोडाच्या बाजूने जरासा दाबतात, की डाळिंबी टुपकन पातेल्यात. टीव्ही बघत, माझ्याशी बोलत, न बघता. मी सोलते तेव्हा निम्म्या डाळिंब्या दुभंगतात.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात वेळ वाचवावा म्हणून मी सोललेले वाल कुकरला लावले. एकच शिट्टी. झाकण उघडलं तर आत पिठलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डाव आत घालून उभा राहतो का ते बघितलं. राहिला.

तेव्हापासून पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून. आत पाणी लागलं तर झाकणावरचं गरम पाणीच ओतायचं, गार नाही. आणि आमसुलं, गूळ वाल बोटचेपे झाल्याशिवाय घालायचे नाहीत. आंबट पडलं की दाणा जिथे असेल तिथेच थांबतो. हे मी एकदा करून बघितलंय, म्हणजे कारण नसताना फसलेलं दुसरं बिरडं.

अश्दोदहून

बिरड्याचं वाचून राहवलं नाही. मी इस्रायलमध्ये असते. आजी-आजोबा तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास असतो. आमची जुनी माणसं त्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. शोकाच्या दिवसाला सण म्हणायचं आणि नाव द्यायचं वालांचं! इथल्या कोणालाही सांगितलं की हसतात. घरात मराठी आता फक्त मी आणि आई बोलतो, पण ‘बिरडं’ हा शब्द माझ्या मुलांनाही येतो.

इथे मंद आचेवरचा खरा पदार्थ म्हणजे खमीन. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या आठवड्याच्या विसाव्याला, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत भांडं तापल्या पत्र्यावर ठेवायचं आणि थेट शनिवारी दुपारी उघडायचं. पांढरे बीन्स किंवा छोले, गहू, बटाटे, मांस. माझी शेजारीण मोरोक्कोची, ती सालासकट अंडीही त्यातच ठेवते. रात्रभरात ती आतून तपकिरी होतात. आजीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, “अगं, ही तर पोपटी!”

अलिबागकर

आजी बरोबर बोलल्या. फक्त पोपटीला रात्र लागत नाही, पाऊण तासाच्या आत काम होतं. पण हा धागा भाजलेल्या दाण्यांशिवाय पुरा कसा होणार?

जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरल्या की आम्ही पोरं संध्याकाळी शेतात जमायचो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानटी रोपाचा पाला. त्यावर शेंगा, ओवा आणि खडे मीठ चोळलेल्या. मग बटाटे, रताळी, अंडी, कोणाच्या घरून आली तर मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला, तोंडाशी दाबून दाबून. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचं आणि पाल्याचं अंगचं पाणी, त्याच्याच वाफेवर सगळं शिजतं.

झालं की नाही कसं कळणार? मडक्यावर हाताने पाणी शिंपडायचं. चर्र करून लगेच उडालं की काढा. काकांचा कान असा की ते आवाजावरून ‘अजून पाच मिनटां’ सांगायचे. एका वर्षी आम्ही घाई केली, अंधारात मडकं उघडलं, पाला सगळा शेतात पसरला आणि शेंगा आत कच्च्या. पुन्हा पेटवायला पाला कुठला? त्या रात्री बटाटे खाऊन घरी आलो.

भांबुर्ड्याशिवायची पोपटी हल्ली रिसॉर्टवर मिळते. तिला पोपटी म्हणू नये.

नागपूरकर

आमच्याकडे वालाच्या शेंगांनाच पोपट म्हणतात. पहिलं वाक्य वाचून वाटलं, तुम्ही पोपट पोपटात घालून भाजता. चालू द्या.

न्यू जर्सीतून, जरा गंभीर

कोणी स्लो कुकरमध्ये राजमा करत असेल तर हे वाचा. आम्हाला लग्नात भेट आला होता. सकाळी भिजलेला राजमा, कांदा, मसाला सगळं त्यात टाकून ‘लो’वर लावलं आणि कामाला गेलो. संध्याकाळी घरभर सुरेख वास. दाणा जरा करकरीत होता, पण भूक लागली होती. जेवून दोन तासांत दोघंही आळीपाळीने बाथरूममध्ये. मला वाटलं आता मरते.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. खळखळ उकळीत ते मोडतं. स्लो कुकरच्या कमी आचेवर मोडत नाही, उलट ८० अंशांच्या आसपास शिजलेला अर्धकच्चा दाणा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो. चार-पाच दाणेही पुरतात. म्हणून भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा (मी अर्धा तास उकळते, धसकाच घेतलाय), मग हवं तितकं मंद करा. साध्या कुकरवाल्यांना ही चिंता नाही.

धागाकर्ती

बापरे. हे वर आणून ठेवते सगळ्यांसाठी.

फौजी घरातली

न्यू जर्सीला जोडून. नवऱ्याची लेहला पोस्टिंग होती, साडेतीन हजार मीटर उंची. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. उकळी खळखळ दिसते, पण आत दम नसतो. मी पहिल्या आठवड्यात पातेल्यात चवळी ठेवली आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघत बसले. शेजारच्या पंजाबी भाभी येऊन म्हणाल्या, “इथे कुकरशिवाय डाळसुद्धा नाही.” पातेलं ज्यांना आवडतं त्यांनी खाली राहावं.

एक सातारी

कोरेगावचा आहे, म्हणून वाघ्या घेवड्याबद्दल बोलायचा हक्क सांगतो. अंगावर तांबडे पट्टे असलेला दाणा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या आळीत कोणी दखल घेतली नाही, कारण घेवडा आम्ही त्याआधीही खातच होतो.

आई चुलीवर करायची. सकाळच्या भाकरी झाल्या की जाळ बाहेर ओढायचा, तुरकाट्यांचे निखारे मागे सारायचे आणि घेवड्याचं मडकं वैलावर सरकवायचं. ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी: वैल म्हणजे चुलीच्या शेजारचं दुसरं तोंड. त्याला स्वतःचा जाळ नसतो, चुलीची उरलेली धग तिकडे जाते. मडकं तिथे ठेवून आई शेतात. बारा-साडेबाराला येईपर्यंत घेवडा कोणी हात न लावता शिजलेला. वर आलं-लसणाचं वाटण, कांदा-लसूण मसाला, दाण्याचं कूट, परत वैलावर पाच मिनिटं.

त्या घेवड्याची गोष्ट अशी की दाणा अख्खा दिसतो, साल फाटलेली नसते, पण जिभेने टाळूला लावला की पीठ. आणि रस्सा आपोआप दाट. कुकरात घेवडा शिजतो, नाही म्हणत नाही, पण फुटतो, आणि पाणी वेगळं, दाणा वेगळा राहतो.

आता फ्लॅटमध्ये वैल कुठून आणू? बारीक गॅस, त्यावर जुना लोखंडी तवा, तव्यावर पातेलं. दोन-अडीच तास. बायको गॅसच्या बिलाकडे बोट दाखवते. नवा घेवडा असला की लवकर होतं. दोन पावसाळे डब्यात काढलेला असला की काही केल्या ऐकत नाही, उष्ण दमट हवेत दाणा आतून घट्ट होत जातो. आई नखाने दाबून सांगायची, गेल्या सालचा आहे म्हणून. मला नखाने काही कळत नाही. मी सरळ विचारतो.

मालवणी

काळे वाटाणे. रात्रभर भिजत, वर चिमूटभर सोडा. हो, सोडा. शिव्या घाला. आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं पाहिजे आणि पाहुणे दारात उभे, तेव्हा कोणाच्या घरी वैल असतो?

डोंबिवलीकरीण

सोड्याने दाणा बुळबुळीत होतो आणि साबणासारखा वास येतो.

मालवणी

चिमूट म्हटलं, चमचा नाही.

धागाकर्ती

सोड्याऐवजी मीठ करून बघा. आपल्याकडे ‘मीठ आधी घातलं तर शिजत नाही’ असं सांगतात, मीही तेच मानत होते. गेल्या महिन्यात दोन वाडगे मांडले, एकात नुसतं पाणी, एकात लिटरला चमचाभर मीठ. मिठातल्या राजम्याची साल मऊ, आणि फुटलेले दाणे कमी. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणजे माझ्या बोअरच्या पाण्याची बरोबर उलटी गोष्ट. दोन्ही वाडग्यांत तळाशी चार-पाच गणंग, म्हणजे काही केल्या न शिजणारे दाणे, मात्र जसेच्या तसे. त्यांच्यावर उपाय कोणाकडेच नाही.

बॉस्टनहून

या गावाला बीनटाउनच म्हणतात, तेव्हा मी लिहायलाच हवं. अश्दोदच्या ताईंचं वाचून गंमत वाटली, कारण इथलंही मूळ तेच. जुने प्युरिटन लोक शनिवारच्या संध्याकाळपासून रविवारचा विसावा पाळत, रांधत नसत. म्हणून शनिवारी बीन्सचं मातीचं भांडं भट्टीत.

मी इथल्या एका म्हातारीकडून शिकले. छोटे पांढरे बीन्स रात्रभर भिजवून आधी साध्या पाण्यात उकळायचे. कुठवर? चमच्यात चार दाणे घ्यायचे आणि फुंकर मारायची. साल सुरकुतून वर उचलली गेली की उतरवा. मला आधी चेष्टा वाटली. नंतर फुंकर मारली, आणि खरंच, साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी उठली. मग भांड्यात कांदा, मोहरीपूड, मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा दाट पाक). ती डुकराची खारवलेली चरबी घालते, मी लोणी. ओव्हन १३० अंशांवर, सहा-सात तास, मधून मधून गरम पाणी, शेवटचा तास झाकण काढून.

सात तासांनीही दाणा विरघळत नाही, कारण मोलॅसिस. त्यात आम्ल आहे, कॅल्शियम आहे, साखर आहे, म्हणजे वर सगळ्यांनी जे जे टाळायला सांगितलं ते सगळं. आधी मऊ करून घेतलेला दाणा त्यात तसाच टिकतो. मात्र फुंकरीची पायरी गाळून मी एकदा कच्चेच बीन्स मोलॅसिसमध्ये घातले होते. अकरा तास ओव्हन चालला. शेवटी गोड खडे.

यंदा कोल्हापूरहून आलेली काकवी घातली. म्हातारीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काय घातलं ते मी अजून सांगितलेलं नाही.

मडगावहून

आमची शेजारीण आंटी रविवारी फेजोआद करते. फेजांव म्हणजे पोर्तुगीजमध्ये घेवड्याची बी. राजमा आणि चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. चोरिसात व्हिनेगर मुरलेलं असतं, त्यामुळे ती राजमा पुरता मऊ झाल्यावरच चोरीस सोडते. डोंबिवलीची आमसुलं आणि हे एकच. आमच्याकडे अळसांद्यांचं (गोव्याकडच्या चवळीचं) तोंडाक, नारळाच्या वाटणाचं. रविवारी भिंतीवरून वाटी जाते आणि वाटी येते. आमची वाटी नेहमी थोडी मोठी असते असं आईचं म्हणणं आहे.

डोंबिवलीकरीण

सासूबाईंना काल पूर्ण धागा वाचून दाखवला. चष्मा नव्हता म्हणून दोनदा वाचावा लागला. काकवीला हसल्या, स्लो कुकरला घाबरल्या. मग म्हणाल्या, “त्या इस्रायलच्या बाईंना विचार, तिकडे कडवे वाल मिळतात का. नाहीतर कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर सोलून, वाळवून देते.”

अश्दोदहून

त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या भारतीय दुकानात कधी मिळतात, कधी नाही. पण सोलून नका देऊ. सोलायच्या निमित्तानेच तर आई आणि मावश्या एका टेबलाशी बसतात.