पालकसभेत ‘अनोळखी माणूस’ सोडून काय सांगू?

बाई_सातारा: शनिवारी पाचवीच्या पालकसभेत मला वीस मिनिटं बोलायचंय. गेल्या वर्षी "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही" एवढं सांगून मोकळी झाले. सगळे गेल्यावर एक आई मी फळा पुसेपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे अनोळखी कुणी येतच नाही हो." तेव्हापासून चैन नाही. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारे नेमके कसे वागतात, कुणी वाचलंय का?

खाकी_निवृत्त: बाई, पोलीस नोकरीची शेवटची सहा वर्षं पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, तपासात गेली. बोळात दबा धरून बसलेला माणूस दोनदा भेटला असेल. बाकीचे सगळे त्या घरचा चहा प्यायलेले. एकाने चार महिने सिलिंडर आणून दिला, आजीला दवाखान्यात नेलं. पोरीपर्यंत पोचला तो सगळ्यात शेवटी. जबाब देताना आई एकच म्हणत होती, "पण किती करायचे हो ते आमचं!"

अर्धवट_पीएचडी: काकांनी सांगितलं त्याला गुन्हेशास्त्रात ग्रूमिंग म्हणतात. आधी घरच्यांचा विश्वास, मग मुलाशी ‘आपलं दोघांचं गुपित’, मग खेळता खेळता स्पर्श. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला. 53.22 टक्के मुलांनी लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. छळ करणाऱ्यांत निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले, आणि बहुतेक मुलं कुणाला काही बोललीच नव्हती.
जाता जाता, ‘हे कधी सुधारत नाहीत’ असंही सरसकट सांगू नका. हॅन्सन आणि बुसिएर यांनी 1998 मध्ये 61 अभ्यास एकत्र तपासले. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केलेले सरासरी 13.4 टक्के निघाले.

खाकी_निवृत्त: 13.4 टक्के म्हणजे जे पुन्हा नोंदीत आले ते. तक्रारच झाली नाही ते कुठे मोजलेत?

अर्धवट_पीएचडी: मान्य, काका. खरा आकडा त्याहून जास्तच असणार.

बाई_सातारा: मग शनिवारी गुपितावरच बोलते. आणि सभेनंतर एखाद्या पोराने मलाच काही सांगितलं तर?

खाकी_निवृत्त: मुख्याध्यापकांच्या कानावर घालून थांबायचं नाही. पोक्सोचं कलम 19 बघा, पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. आणि त्या पोराला तेच तेच पाच जणांपुढे सांगायला लावू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर फळ्यावर लिहून ठेवा, त्या दिवशी पुसू नका.