मनगट आधी बघा, मांड्या नंतर
बॉक्सिंगच्या दुसऱ्याच आठवड्यात मनगट आणि मांड्या दुखतायत म्हणताय, तर आधी ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी बघा. अडीच मीटरची मोठ्या माणसाला अपुरी पडते; साडेचार मीटरची घ्या, मनगटाला तीन-चार वेढे द्या. बोटं बधिर झाली तर फार आवळलीय. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर बसायला हवा. करंगळीकडे बसला की तिच्यामागचं हाड मोडू शकतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दाबल्यावर कळ येते का? मग हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. तिथली चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. मांड्यांचं दुखणं बहुधा दोन-चार दिवसांत ओसरेल. तोवर नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या नकोत. चढाल हो, पण मांड्या बोंबलतात त्या उतरताना!