गाडी उभी राहिली की इंजिन तापते आणि एसीही गरम हवा देतो : दोष एक की दोन?

घोडबंदरकर

नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक असून ती आजवर ९१,००० किलोमीटर धावली आहे. मी रोज ठाण्यातल्या पातलीपाड्याहून नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत कामाला जातो. एप्रिलच्या अखेरीपासून असे होऊ लागले आहे की मानपाडा ते कापूरबावडी या टप्प्यात गाडी दहा-बारा मिनिटे रांगत राहिली की आधी एसीची हवा कोमट होते आणि मग तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर चढू लागतो. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या कोंडीत हाच प्रकार पुन्हा घडतो. मात्र ऐरोली मागे टाकून ठाणे-बेलापूर रस्त्याला गाडी साठच्या वेगाने धावू लागली की पाच मिनिटांत काटा जागेवर येतो आणि एसीसुद्धा, जणू काही झालेच नाही अशा थाटात, थंडगार हवा देतो.

पहिल्या गॅरेजने एसीतला गॅस कमी असल्याचे सांगून गॅस भरला. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेल्याचे आणि एसीचा गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसरही कमजोर झाल्याचे सांगून जो अंदाजे खर्च लिहून दिला, तो पाहून मी गाडी परत घेऊन आलो. हे खरोखरच दोन स्वतंत्र दोष आहेत का? आणि हेड उघडण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

नेरुळवासी

आपल्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, इंजिनचे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या अगदी पुढे, गाडीच्या समोरच्या जाळीमागे बसवलेला असतो. वेगात समोरून येणारा वारा या दोघांनाही थंड करतो, पण गाडी उभी असताना ते काम एकट्या विजेच्या पंख्याला करावे लागते. पंखा फिरला नाही तर कंडेन्सरमधला दाब वाढतो, म्हणून एसी आधी कोमट होतो. पुढे इंजिनचे पाणी तापले की गाडीचा संगणक इंजिनवरचा भार कमी करण्यासाठी कंप्रेसर स्वतःच बंद करतो. त्यामुळे आपल्याला जे दोन आजार दिसत आहेत ते बहुधा एकाच आजाराची दोन लक्षणे आहेत.

काट्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो आणि तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी मध्येच स्थिर दिसतो. तो हलताना दिसला याचा अर्थ पाणी आधीच पुरेसे तापले आहे, म्हणून "थोडासाच वर गेला होता" अशी स्वतःची समजूत घालू नये.

जुना फिटर

मी अनेक वर्षे गॅरेजात काम केले आहे आणि पुढे काही काळ मुलांना हे शिकवलेही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून गाडी सुरू करा, एसी लावा आणि पंख्याकडे पाहत राहा. बहुतेक लहान गाड्यांत कंप्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच "टक्" असा आवाज करून बसला की लगेच किंवा थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. क्लच बसला आणि पंखा मात्र स्तब्ध राहिला तर हेड गॅस्केटचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी फ्यूज पाहा. मग पंख्याचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून त्याच्या जागी तसाच दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, लावून पाहा, पण दोन्ही रिलेंवरचा नंबर सारखा आहे याची खात्री करून घ्या. तरीही पंखा फिरत नसेल तर त्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर, मल्टिमीटर लावा. तिथे १२ व्होल्ट येत असतील आणि पंखा फिरत नसेल तर मोटारच गेली. येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. हात मात्र पात्यांपासून दूर ठेवा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

गॅसबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. इंजिन बंद असताना गेज लावून "दाब कमी आहे, गॅस भरा" असे सांगणाऱ्याकडून गॅस भरून घेऊ नये. आर-१३४ए हा एसीतला गॅस बंद सिस्टिममध्ये थोडासा जरी द्रवरूपात शिल्लक असेल तरी त्याचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३२ अंशांना तो १०० पीएसआयच्या आसपास असतो, मग आत गॅस पूर्ण भरलेला असो की निम्मा. घरातला सिलिंडर संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत तशीच राहते आणि किती गॅस उरला हे सिलिंडर उचलल्यावरच कळते, तसेच हे आहे. म्हणून आधीचा गॅस मशीनने काढून घ्यावा आणि बॉनेटखालच्या लेबलावर जितके ग्रॅम लिहिले असतील तितकाच वजन करून भरावा. आपल्या पहिल्या गॅरेजने आधीच्या गॅसवर आणखी गॅस भरला असेल तर तो जास्त झाला असण्याचीच शक्यता अधिक, आणि जास्त गॅस कोंडीत एसीला आणखी लवकर गुदमरवतो.

वागळे इस्टेट

वरील मताशी सहमत आहे, तरी हेड गॅस्केटची शंका एकदा पूर्ण फेडून घेतलेली बरी. ते गेले असेल तर गाडी वेगात असतानाही, विशेषतः गायमुखचा चढ चढताना, काटा वर जातो. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) घटत राहतो. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. आणि काही वेळा ऑइलचा रंग दुधाळ होतो. यांपैकी काहीच नसेल तर केवळ तापण्यावरून हेड उघडायला देऊ नये. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका. आत साधारण १ बार जास्तीचा दाब असतो, त्यामुळे साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम उसळून अंगावर येते.

आणखी एक. टाकीत गेल्या वर्षभरात कूलंट भरला की नळाचे पाणी?

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे तपासले. क्लच बसला, रिलेचा आवाजही आला, पण पंखा जागचा हलला नाही. कपलरवर १२.४ व्होल्ट मिळाले. चावी बंद करून, बॅटरीची तार सोडवून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या पाठीवर दोन हलके ठोके दिले आणि सगळे पुन्हा जोडून गाडी सुरू केली, तर पंखा कण्हत फिरू लागला व पुढच्या खेपेस पुन्हा अडकला.

जुना फिटर

मग मोटारीतले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले आहेत. ठोका दिल्यावर जी मोटार फिरते ती पुन्हा कधी अडकेल याचा नेम नसतो, म्हणून नुसते ब्रश बदलण्यापेक्षा मोटारच बदला. पंखा उतरवलाच आहे तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फटही पाहून घ्या.

घोडबंदरकर

मोटार काल बदलली. त्या फटीत बांधकामाची धूळ आणि गेल्या पावसाळ्यातला पालापाचोळा यांचा अक्षरशः लेप बसला होता. इंजिनच्या बाजूने हलक्या दाबाचे पाणी मारल्यावर करडा चिखल बराच वेळ वाहत राहिला. कूलंटबद्दलची शंकाही खरी ठरली. गॅरेजवाले वर्षभर साधे पाणीच घालत होते आणि रेडिएटरमधून चहासारखे तांबूस पाणी निघाले, म्हणून सिस्टिम दोनदा धुऊन नवा कूलंट भरला. एसीच्या लेबलावर ३५० ग्रॅम लिहिलेले असताना मशीनने ४६० ग्रॅम गॅस बाहेर काढला. कंप्रेसरला हात लावावा लागला नाही.

आज विटाव्याच्या पुलाखाली अठरा मिनिटे उभा होतो. काटा मधोमध राहिला, एसी शेवटपर्यंत थंड होता आणि पंखा दर काही सेकंदांनी सुरू होऊन थांबत असल्याचे काच खाली करून ऐकले.