प्रतिसाद: पायाचं डॉपलर, शिरेचं का धमनीचं?

वडिलांची रंकाळ्यावर चालताना पोटरी भरून येते, जरा थांबलं की बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'डॉपलर' (रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी)! आर्टेरियल (धमनीचं) का व्हेनस (शिरेचं) ते आधी विचारून घ्या ओ. हे लक्षण धमनीचं वाटतंय, शिरेचं दुखणं बहुतेक उभं राहून वाढतं आणि पाय वर घेतले की उतरतं. शिरेच्या टेस्टला प्रोबनं, म्हणजे सोनोग्राफीच्या हातातल्या यंत्रानं, दाबून बघतात, शीर चपटी झाली नाही तर आत गुठळीची शंका, आणि धमनीत रक्ताचा वेग मोजतात, अरुंद जागी तो वाढतो.

सोबत एबीआय पण करा, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं, ०.९ किंवा त्याखाली आलं तर रक्त कमी पोचतंय. पण शुगर जुनी असली तर धमन्या कडक होऊन बीपीच्या पट्ट्यानं दबतच नाहीत, आकडा १.४ च्या वर जातो आणि रक्त नीट पोचतंय समजून लोक खूश! मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

शेजारी म्हणतात तशी डायरेक्ट अँजिओग्राफी कशाला? डॉपलरला सुई नाही, रेडिएशन नाही, नुसत्या पायासाठी उपाशीपण राहायला लागत नाही. फक्त पाय अचानक गार, पांढरा पडला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.