कडीपाटावर चार फुटी टाकी: प्लायवूड पुरेल का?

जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, कडीपाटाच्या (लाकडी कड्यांवर पाट म्हणजे फळ्या टाकलेल्या) जमिनीवर माशांची चार फुटी टाकी ठेवायची तर खाली जाड प्लायवूड टाका, असं या चर्चेत दोघांनी सुचवलंय. प्लायवूडने वजन पाटांवर पसरतं, पण खालच्या कडीची ताकद तसूभरही वाढत नाही. कमकुवत असते ती कडीच.

४ × १.५ × २ फुटांच्या टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून पाचशे किलोच्या आसपास जाईल. राहत्या घरासाठी भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. तोही नव्या बांधकामासाठी. शिवाय हे वजन पाहुण्यांसारखं रात्री घरी जात नाही. सतत भाराखाली लाकूड हळूहळू वाकत राहतं.

टाकी कड्यांना आडवी, म्हणजे तीन-चार कड्यांवर भार येईल अशी, आणि कड्या ज्या भिंतीत शिरतात तिला लागून ठेवा. मात्र आधी ती टोकं सुरीने टोचून बघा. ओलीने आणि वाळवीने लाकूड तिथेच पोकळ होतं. टोकं धड असतील तर कडीला जोडकडी (शेजारी लावलेली दुसरी कडी) बोल्टने कसता येते, किंवा खालून आडवी तुळई देऊन दोन खांब. अर्थात खालचे भाडेकरू ‘हो’ म्हणाले तर! स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाणी भरू नका.