मदत हवी आहे: साइट रोज पहाटे बंद पडते, प्रोमिथियसचा एकही अलर्ट येत नाही

रात्रपाळी
घाऊक भाजी व्यापाऱ्यांची ऑर्डर घेणारी साइट आहे, लारावेलमध्ये (पीएचपीची वेब चौकट). त्यांची खरी गर्दी पहाटेच असते आणि नेमकी तीनच्या सुमाराला सहा-सात मिनिटं ५०२ येतो (मागचा प्रोग्राम नीट उत्तर देत नाही), कधी ५०४ (उत्तराची वाट बघून वेळ संपली). मग आपोआप सुरळीत होते. प्रोमिथियस (देखरेख), नोड एक्सपोर्टर (मशीनचे आकडे देणारा), अलर्टमॅनेजर (निरोप पाठवणारा), ग्राफाना (आलेख) सगळं लावलंय, आलेख दिसतात. चाचणीचा मेलही येतो. पण साइट पडल्याचा अलर्ट येत नाही. नियम साधाच आहे, पडलं की कळव. व्यापाऱ्यांचे फोन यायच्या आधी मला कळायला हवं. लवकर सांगा, सकाळी ग्राहकाला उत्तर द्यायचंय.

टर्मिनल
'साधाच' म्हणजे काय? नियम जसाच्या तसा इथे डकवा. शिवाय स्क्रेप इंटरव्हल (आकडे किती वेळाने गोळा होतात) किती, नियमातला 'फॉर' (अट किती वेळ टिकली की अलर्ट) किती, आणि प्रोमिथियस त्याच मशीनवर आहे की वेगळ्या?
कालच्या पहाटेचं आत्ताही बघता येतं. ९०९० पोर्टवर 'अलर्ट्स' ही मालिका (नाव सगळं कॅपिटलमध्ये) ग्राफवर काढा, तीन वाजताची वेळ निवडा. लेबलमध्ये पेंडिंग (अट लागली, 'फॉर' संपायचाय) किंवा फायरिंग (अलर्ट वाजला) लिहिलेलं असेल. तिथे काहीच नसेल तर मेलच्या मागे लागू नका, दोष नियमात आहे.

साधं_सोपं
एका साइटसाठी प्रोमिथियसचा एवढा पसारा कशाला? दुसऱ्या एखाद्या स्वस्त मशीनवर डॉकरमध्ये अपटाइम कुमा (साइट चालू आहे का तपासणारा प्रोग्राम) चढवा, ३००१ पोर्टवर उघडा, यूआरएल द्या, ६० सेकंद ठेवा, टेलिग्राम बॉट जोडा. विषय संपला.

रात्रपाळी
@साधं_सोपं आता सगळं बदलायला वेळ नाही.
@टर्मिनल नियम: अप == ०, फॉर १० मिनिटं. बाकी सगळं डीफॉल्ट. त्या मालिकेत काहीच दिसत नाही. सर्व्हर चालूच असतो, त्या वेळी एसएसएचही (दुरून लॉगिन) होतं.

टर्मिनल
मग अलर्ट येणारच नाही. 'अप' एवढंच सांगतो की प्रोमिथियसला ९१०० वर नोड एक्सपोर्टरने उत्तर दिलं. तो उत्तर देतोय, म्हणून 'अप' १. साइटचं काय चाललंय हे त्याला माहीतच नाही. आणि समजा माहीत असतं, तरी बंद काळ सात मिनिटांचा आणि 'फॉर' दहाचा. पेंडिंगमध्येच विरून गेलं असतं.

ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर लावा, तो साइट स्वतः उघडून बघतो. पोर्ट ९११५, मॉड्यूल एचटीटीपी_२एक्सएक्स (दोनशेच्या घरातलं उत्तर म्हणजे यश). स्क्रेप जॉबमध्ये रीलेबलच्या (लेबलं बदलण्याच्या) तीन पायऱ्या लागतात: टार्गेटचा पत्ता 'पॅरॅम_टार्गेट'मध्ये, तिथून 'इन्स्टन्स' लेबलमध्ये, आणि मूळ पत्त्याच्या जागी ब्लॅकबॉक्सचा स्वतःचा पत्ता. तिसरी पायरी हमखास राहते, मग प्रोमिथियस थेट साइटवरच मेट्रिक्स शोधत बसतो. नियम प्रोब_सक्सेस == ० (तपासणी फसली) वर लिहा. इथेही 'अप' लिहिलंत तर पुन्हा तेच: साइट मेली तरी ब्लॅकबॉक्स जिवंत, म्हणून १.

डीफॉल्टमध्ये स्क्रेप आणि इव्हॅल्युएशन (नियम तपासणं) दोन्ही १ मिनिटाला. ते १५ सेकंद करा, 'फॉर' २ मिनिटं. वर अलर्टमॅनेजरचा ग्रुप वेट (पहिल्या निरोपाआधी थांबणं) ३० सेकंद. म्हणजे तीन मिनिटांच्या आत निरोप. बदलल्यावर आधी 'प्रॉमटूल चेक रूल्स', मगच रीलोड.

स्वप्ना_एसआरई
'फॉर २ मिनिटं' इथे फसेल. ५०२ च्या काळात एखादी विनंती मधूनच यशस्वी होते. एक प्रोब पास झाला की 'फॉर'चं घड्याळ पुन्हा शून्यावर. त्यापेक्षा प्रोब_सक्सेसची ५ मिनिटांची सरासरी घ्या, अ‍ॅव्हरेज_ओव्हर_टाइम, आणि ०.६ च्या खाली गेली की अलर्ट. १५ सेकंदांना एक म्हणजे पाच मिनिटांत २० नमुने. नऊ फसले की वाजेल, म्हणजे सलग बंद असेल तर सव्वादोन मिनिटांत, आणि मधले एक-दोन पास झाले तरी चुकणार नाही.

टर्मिनल
मान्य, पण सरासरीमुळे साइट परत आल्यावरही अलर्ट काही मिनिटं पेटलेला राहतो. पहाटे जो उठून बघतो त्याला साइट चालू दिसते, मग पुढच्या वेळी तो उठत नाही.

स्वप्ना_एसआरई
उशिरा विझलेला चालेल, न वाजलेला चालणार नाही. ऑर्डर घेणाऱ्या साइटला तरी मी हाच क्रम लावेन.

कर्नल_पॅनिक
तुम्ही अलर्टवर भांडताय, साइट पडते का ते कोण बघणार? हा शंभर टक्के ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग). मायएसक्यूएल (डेटाबेस) सगळी मेमरी खातं, कर्नल त्याला मारतो, सिस्टमडी परत उठवतं. रॅम किती? स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आहे का? 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

रात्रपाळी
रॅम ४ जीबी, स्वॅप नाही. कर्नल लॉगमध्ये तसं काही नाही. पहाटे सर्व्हरवर काहीच चालत नाही, बॅकअपसुद्धा रात्री साडेनऊला होतो.

टर्मिनल
'टाइमडेटसीटीएल' चालवून बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर क्रॉनमधले (ठरल्या वेळी कामं चालवणारा) २१:३० म्हणजे आपले पहाटेचे बरोब्बर ३:००. आणि एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हर) एरर लॉगमधली त्या वेळची एक ओळ द्या.

रात्रपाळी
यूटीसीच आहे. ओळ अशी: कनेक्ट टू युनिक्स सॉकेट फेल्ड (११: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल). बॅकअप मायएसक्यूएलडंपने (डेटाबेसची प्रत काढणारा), पाइप करून जीझिपमध्ये. वेगळे पर्याय दिलेले नाहीत.

डेटाबेस_काका
सापडलं. सेशन (प्रत्येक भेटीची माहिती) डेटाबेसमध्ये ठेवताय का? लारावेल ११ पासून डीफॉल्ट तेच आहे.

मायएसक्यूएलडंपला काही सांगितलं नाही तर तो डंप चालू असेपर्यंत त्या डेटाबेसच्या टेबलांना रीड लॉक लावतो. वाचणं चालतं, लिहिणं थांबतं. सेशन टेबलात असतील तर नुसतं पान उघडलं तरी 'लास्ट_अ‍ॅक्टिव्हिटी' लिहावी लागते, म्हणून प्रत्येक विनंती लॉकवर अडते. पीएचपी-एफपीएमचे सगळे वर्कर (विनंत्या हाताळणारे) तिथेच उभे. उबंटूच्या पॅकेजमध्ये मॅक्स_चिल्ड्रन (वर्करांची कमाल संख्या) ५ असतं, ते लगेच संपतात. वाट बघणाऱ्यांना एनजिनएक्स ६० सेकंदांनी ५०४ देतं, आणि सॉकेटची रांगच भरली की कनेक्ट होत नाही, तो तुमचा ११ आणि ५०२. डंप संपला, लॉक सुटला, साइट परत आली. कोणी मेलं नाही, म्हणून कर्नल लॉग कोरा.

क्रॉनच्या ओळीत --सिंगल-ट्रान्झॅक्शन घाला. इनोडीबी (टेबलांचा एक प्रकार) टेबलं लॉक न होता एकाच क्षणाची प्रत मिळते. त्या वेळेत ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणं) चालवू नका, डंप तुटतो. एखादं टेबल मायआयसॅम (दुसरा, जुना प्रकार) असेल तर हा पर्याय त्याला लागू नाही, आधी तपासा.

कर्नल_पॅनिक
मॅक्स_चिल्ड्रन ५ फार कमी आहे, ५० तरी करा.

डेटाबेस_काका
पाचाऐवजी पन्नास वर्कर त्याच लॉकवर उभे राहतील. आणि एक वर्कर ५० एमबी धरला तर पन्नासांचे अडीच जीबी. मग खरोखरच ओओएम होईल.

हिरवं_कुलूप
ब्लॅकबॉक्स लावताच आहात तर साइटच्या एसएसएल प्रमाणपत्राचा नियमही टाका: प्रोब_एसएसएल_अर्लिएस्ट_सर्ट_एक्सपायरी वजा टाइम(), १४ दिवसांपेक्षा कमी झालं की अलर्ट. लेट्स एन्क्रिप्टने (फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) मुदत संपण्याच्या आठवणीचे मेल जून २०२५ पासून बंद केलेत.

साधं_सोपं
कुमामध्ये हेही आयतं मिळतं.

गणेशपेठ
पहाटे तीनला मेल कोण उघडतो? एसएमएस लावा.

स्वप्ना_एसआरई
भारतात एसएमएससाठी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) हेडर आणि टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं. अलर्टचा मजकूर दर वेळी वेगळा, टेम्प्लेटशी जुळला नाही की संदेश मध्येच अडतो. अलर्टमॅनेजरमध्ये टेलिग्राम थेट आहे. चॅट आयडी अवतरण चिन्हांशिवाय नुसता आकडा द्या, ग्रुपचा असेल तर पुढचं वजा चिन्ह गाळू नका. फोनवर त्या ग्रुपपुरता 'डू नॉट डिस्टर्ब' उठवून ठेवा.

टर्मिनल
@रात्रपाळी एक प्रश्न अजून लोंबकळतोय. प्रोमिथियस कुठे आहे?

रात्रपाळी
त्याच सर्व्हरवर. --सिंगल-ट्रान्झॅक्शन घातलं, सेशन डेटाबेसमध्येच होते. ब्लॅकबॉक्स आता लावतोय, तोही इथेच चालेल ना?

टर्मिनल
आजच्या रोगापुरता चालेल. पण मशीनच गेलं तर निरोप देणाराही सोबत जाईल. ब्लॅकबॉक्स निदान दुसऱ्या मशीनवर ठेवा, म्हणजे डीएनएस आणि फायरवॉलसकट बाहेरच्या वाटेने तपासणी होते. आणि वॉचडॉग नियम लिहा: व्हेक्टर(१), म्हणजे सतत पेटलेला अलर्ट. त्याचा वेबहूक (आपोआप जाणारी वेब विनंती) हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या बाहेरच्या सेवेकडे पाठवा. ठोका थांबला की ती सेवा तुम्हाला कळवेल.

साधं_सोपं
म्हणजे दुसरं मशीन शेवटी लागलंच. पहिल्याच उत्तरात तेच म्हटलं होतं.

स्वप्ना_एसआरई
वॉचडॉगला वेगळा राउट (अलर्टचा मार्ग) द्या. रिपीट इंटरव्हल (तोच निरोप पुन्हा जाण्याची वेळ) डीफॉल्टमध्ये ४ तास असतो, म्हणजे ठोका चार तासांनी एकदाच जाईल. तो ५ मिनिटं करा, पण नुसता तेवढाच बदलून भागत नाही: ग्रुप इंटरव्हलही डीफॉल्ट ५ मिनिटं आहे आणि रिपीट त्याच्याच ठोक्यावर तपासला जातो. त्या राउटमध्ये ग्रुप इंटरव्हल १ मिनिट ठेवा, बाहेरच्या सेवेत सवलत १५ मिनिटांची. मग प्रोमिथियस मुद्दाम बंद करून फोन वाजतो का ते आज दिवसाच बघून घ्या.