माळ्यावरचा जुना स्टीरिओ खाली उतरवलाय, डायरेक्ट प्लग लावू का आधी उघडून बघू?

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीतून लिहितोय. गावभागातलं जुनं घर आवरायला काढलंय आणि त्यात अण्णांचा (माझे थोरले काका) सगळा गाण्याचा पसारा माझ्या वाट्याला आलाय, चुलत बहिणी दोघी परदेशात, त्यांना नको, काकू म्हणाली तू ने पण भंगारात घालू नको एवढंच. अण्णा बरीच वर्षं मस्कतला होते, तिकडनं आणलेला सान्सुईचा रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र), गॅरार्डचा टर्नटेबल एसपी २५, लाकडी खोक्यातले दोन मोठे स्पीकर आणि ट्रंकभर रेकॉर्डी. जास्त करून नाट्यसंगीत, थोड्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) पण आहेत.

२०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी होतं. रिसीव्हर, टर्नटेबल आणि ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण एक स्पीकर खालीच राहिला, त्याच्या तळाचा प्लाय थर सुटून फुगलाय. दुसरा बाहेरून बरा आहे, फक्त मागच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय.

आता प्रश्न असा की पोरगं रोज मागे लागलंय पप्पा लावून तरी बघू. एका रिपेअरवाल्याला दाखवला तर तो झाकण पण न उघडता म्हणाला आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथचा नवीन बोर्ड बसवू, साडेतीन हजारात वाजता करून देतो. भंगारवाला सगळ्याचे मिळून आठशे म्हणतो. मला सोल्डरिंग थोडंफार येतं, मल्टिमीटर आहे. काकूला तिच्या रेकॉर्डी ऐकायच्यात, बाकी काही नको. सुरुवात कुठनं करू?

सिरीजबल्ब

प्लग लावू नका. आधी हे एकच ऐका, बाकीचं सावकाश.

इतकी वर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर (ते डब्यासारखे उभे असतात ते) आतून सुकलेले असू शकतात, एकदम २३० व्होल्ट दिले की कधी कधी कंडेन्सर जातो आणि जाताना ट्रान्सफॉर्मर नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर घेऊन जातो. कंडेन्सर बाजारात मिळतो. त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, रिवाइंड करून घ्यावा लागतो.

झाकण उघडा आणि आधी नुसतं बघा. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, फुगलेला किंवा बुडाशी चिकट पाणी सोडलेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टन्स. मेन कॉर्डचं रबर दोन बोटांत वाकवून बघा, तडकलं तर वायर बदला, विचार करत बसू नका. फ्यूज बाहेर काढून बघा, आपल्याकडं फ्यूजच्या जागी काय काय निघतं ते सांगायला नको. मागच्या पत्र्यावर त्याचा आकडा छापलेला असतो, तेवढ्याच अँपिअरचा नवीन टाका.

मग व्होल्टेज सिलेक्टर. मस्कतचा सेट म्हणजे बहुतेक २२० किंवा २४० ला असणार, तरी खात्री करा आणि २४० ची सोय असेल तर तिथेच ठेवा, रात्री लाइन वर जाते. अजून एक खूण म्हणजे एफएमची डायल. ८८ ते १०८ असेल तर ठीक. ७६ ते ९० असेल तर तो खास जपानमध्ये विकलेला सेट, तो १०० व्होल्टचा असतो, आपल्या लाइनवर क्षणात खलास.

हे सगळं झालं की सिरीज बोर्ड करा. साधा फिलामेंटचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सेटच्या फेजमध्ये सिरीजला, म्हणजे सेटला जाणारा करंट आधी बल्बमधून जाईल असा. एलईडी चालणार नाही, जुना पिवळाच बल्ब पाहिजे. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर. चालू केल्यावर बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर बरं लक्षण, तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. कोणाकडं डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवायचं यंत्र) असेल तर तोही चालतो, पण बल्ब शॉर्ट झाला तर करंट अडवतो, डिमरस्टॅट अडवत नाही, म्हणून मला बल्बच आवडतो.

आणि हो, बंद केल्यावर पण मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. हात घालायच्या आधी मीटर लावून बघा, उतरला नसेल तर १००-२०० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टन्स लावून उतरवा. पेचकसानं ठिणगी काढू नका.

मिरजेचा_नाना

रिपेअरवाल्याचं ऐकू नका ओ. मिरजेत तुंब्याला तडा गेला म्हणून कोण सतारीला प्लास्टिकचा डबा बसवत नाही, आणि तुम्ही सान्सुईच्या पोटात चायना बोर्ड घालणार व्हय? आठशेला मागणारा भंगारवाला तर लई हुशार, त्याला बरोबर माहिताय तो पुढं कितीला विकणार ते.

पोराला मोबाइलची गाणी पाहिजेत ना, मग मागं ऑक्स नाहीतर टेप लिहिलेलं सॉकेट असतंय, बाहेरनं एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या पाच-सहाशेचा, दोन पिनांची वायर लावा, झालं की काम. आत हात लावायची गरजच नाही. सेट तसाच राहतोय, पोरगं पण गप.

आणि एएम चालतंय का बघा. आमच्याकडं सकाळी १२५१ ला सांगली आकाशवाणी लावल्याशिवाय चहा होत नव्हता.

जुनं_ते_सोनं

उघडताच आहात तर सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर एकदमच बदलून टाका, परत परत उघडायची कटकट नको. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतील, यादी करून एका फेरीत आणा. आउटपुट ट्रान्झिस्टर पण बदला, जुने झालेत.

सिरीजबल्ब

दादा, याला माझा विरोध आहे, रागावू नका. चालू आहे की बंद हे कळायच्या आधी चाळीस-पन्नास कंडेन्सर बदलले आणि त्यात एक उलटा लागला किंवा जुन्या बोर्डाचा ट्रॅक उचकटला तर नंतर शोधायचं कुठे की बिघाड आधीचा का आपला? आधी सेट जसा आहे तसा उभा करा. मग पॉवर सप्लायचे बदला, सेट वाजत असला तरी बदला, मग जिथे आवाजात किंवा मीटरवर काही खटकतंय तिथे. व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं चालेल, कमी चालणार नाही, एमएफडी (कंडेन्सरची क्षमता, मायक्रोफॅरड) जवळपास तेवढंच, आणि उष्णतेसाठी १०५ डिग्रीचे घ्या.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तर साफ नाही. ते पडून राहून म्हातारे होत नाहीत. उलट आज जुन्या जपानी नंबराचे म्हणून जे मिळतात त्यात नकली इतके की चांगला असली काढून नकली बसवल्यासारखं होतं.

जुनं_ते_सोनं

ट्रान्झिस्टरचं मान्य. कंडेन्सरचं नाही, पण सेट त्यांचा आहे, त्यांनी ठरवावं.

तारसप्तक

टर्नटेबलबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. एसपी २५ मध्ये बेल्ट नसतो, मोटरच्या पुलीला रबराचं चाक घासून थाळी फिरते. थाळी काढली की दिसेल. त्या चाकाला खड्डा पडला असेल तर धडधड असा आवाज गाण्यात येतो. चाकाला तेल अजिबात लागू देऊ नका, स्पिरिटनं पुसा. बाकी यंत्रात जे ग्रीस असतं ते इतक्या वर्षांत डिंक झालेलं असतं, त्यामुळे आर्म आपोआप उचलत नाही किंवा अर्ध्यात अडकतो आणि लोक जोर लावून मोडतात. आधी जुनं ग्रीस पूर्ण काढायचं, मग नवीन थोडंसं. थाळीच्या मधल्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल एक-दोन थेंब पुरतं.

वेग तपासायला अ‍ॅप कशाला, थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि ३३ वर तीन मिनिटांत किती फेऱ्या होतात मोजा. बरोबर १०० झाल्या पाहिजेत. मस्कतला पण ५० हर्ट्झच आहे त्यामुळे तुम्हाला त्रास नाही. सौदीहून आणलेल्या डेकची भानगड असते, तिकडे ६० हर्ट्झ, त्या पुलीवर इथे थाळी हळू फिरते आणि पेटीच्या पांढरी एकचं गाणं खालच्या पांढरी सहापर्यंत उतरतं.

सुई नवीनच घ्या, जुनीवर काकूंच्या रेकॉर्डी लावू नका, झिजलेली सुई खाच कापते. वायर मागे फोनो लिहिलंय तिथेच लावायची आणि सोबतची सुटी अर्थची तार विसरायची नाही, नाहीतर घूंऽऽ असा आवाज येत राहतो आणि माणूस अँप्लिफायर उघडत बसतो. पण आधी कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) मॅग्नेटिक आहे का सिरॅमिक ते बघा, सिरॅमिक असेल तर फोनोला आवाज फाटतो, तो ऑक्सला लावायचा.

७८ च्या रेकॉर्डी वेगळ्या ठेवा. त्यांची खाच तिपटीनं रुंद असते, एलपीची सुई तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येईल. त्यांना वेगळी सुई मिळते. आणि त्या लाखेच्या असतात, स्पिरिट लावलंत तर पृष्ठभाग विरघळतो, त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड. त्यात बालगंधर्व निघाले तर सांगा हं, नागठाण्याचे ते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले.

गावभागकर

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे खास. अपडेट देतो.

झाकण उघडलं. लेंड्या होत्या पण वायरी शाबूत. फ्यूज बाहेर काढला तर काच फुटलेली आणि तिच्यावरनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! काकूला दाखवली तर म्हणाली दिवाळीत पाहुणे होते, दुकानं बंद, अण्णांनीच लावलीय, दुसऱ्या दिवशी बदलतो म्हणाले होते. नवीन फ्यूज टाकला, कॉर्ड बदलली, सिलेक्टर २२० ला होता तो २४० ला केला, डायल ८८ ते १०८ च आहे. सिरीज बल्ब भक्कन पेटला आणि मंद झाला. डायलचा हिरवट दिवा लागला तेव्हा काकू देवघरातनं उठून आली.

पण पुढं काही नाही. स्पीकरच्या टर्मिनलला डीसी बघितलं तर शून्य दाखवतंय. म्हणजे चांगलंच ना? स्पीकर जोडू?

सिरीजबल्ब

थांबा थांबा. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून टक् असा आवाज आला का? तो प्रोटेक्शन रिले, म्हणजे सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा आपोआप स्विच. तो ओढला गेला नाही तर टर्मिनल तुटलेलंच असतं, शून्यच दिसणार, त्या शून्याला भुलू नका. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळून पण रिले ओढत नाही कधी कधी. रिलेच्या आधी, बोर्डाच्या आउटपुटला मोजा, दोन्ही चॅनल. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर बल्ब काढून डायरेक्ट लाइनवर घ्या आणि टक् ऐका. एखाद्या चॅनलला व्होल्टमध्ये आकडा आला तर त्या बाजूचा ट्रान्झिस्टर गेलाय आणि रिले आपलं काम करतोय.

गावभागकर

टक् नव्हतं. आता मोजलं, डावा १८, उजवा ३१ मिलिव्होल्ट. डायरेक्ट लाइनवर टक् झालं!! घरातला फुटकळ स्पीकर लावून बघितला, वाजतोय, फक्त व्हॉल्यूम फिरवला की करकर होते आणि डावा चॅनल मधेच जातो.

सिरीजबल्ब

करकर म्हणजे व्हॉल्यूमच्या कंट्रोलमधली धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बिजागरीला मारतात तो स्प्रे नाही. मारून दोन्ही टोकांपर्यंत भरपूर फिरवा, रेडिओ-फोनो निवडायचा सिलेक्टर आणि टेप मॉनिटरच्या बटणांना पण, डावा चॅनल तिथेच अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

मिरजेचा_नाना

स्पीकरचं सांगतो. बुडालेल्या स्पीकरचा कोन दोन्ही हातांनी हळू आत दाबा, घासल्यासारखं वाटलं तर कॉईलच्या फटीत गाळ नाहीतर गंज बसलाय, त्याचा नाद सोडा. चांगल्याला दीड व्होल्टचा सेल टेकवा, कोन हलून टक् झालं पाहिजे. कडेचा फोम बोटानं भुगा होत असला तर तेवढी रिंग नवीन चिकटवता येते. कुंभारमाशीचं घर आत ढकलू नका, वूफर (मोठा, बासचा स्पीकर) काढून बाहेर घ्या. खोकं सुताराकडनं नवीन करून घ्या पण आतलं माप तेवढंच ठेवायला सांगा, सुतार खोकं लहान करतंय नाहीतर, मग बास जातोय. आणि एकच वूफर बदलून चालत नाही, दोन्ही सारखे घ्या, ओहम बघून.

गावभागकर

दाबून बघितला नाना, घासतोय. सुताराला उद्या बोलावलंय, माप तुमच्यासमोरच घेऊ, रविवारी मिरजेवरनं येताय का? वूफरच्या मागं ८ ओहम लिहिलंय, इंच मोजून टाकतो.

ताई, ७८ च्या दोन रेकॉर्डी एकमेकींना चिकटल्यात, मधे कागद अडकलाय. ओढू का नको?

तारसप्तक

ओढू नका, तुटेल. डिस्टिल्ड वॉटरनं कडेकडेनं कागद भिजवत राहा, लेबलला पाणी लागू देऊ नका, कागद मऊ झाला की आपोआप सुटतील. घाई नको आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका.